आखणीचा ब्रश

गणपतीचा डावा डोळा उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला, तेव्हा चित्रशाळेत आम्ही सगळे होतो आणि सगळ्यांनीच तो न पाहिल्यासारखं केलं. माझे यजमान रमाकांत साच्याला तेल चोपडत राहिले. दोघे कारागीर उंदरांच्या शेपट्यांवर असे काही वाकले, की जन्मात कधी शेपटी पाहिली नसावी. मी पितांबराचा सोनेरी काठ ओढत होते, तो ओढतच राहिले.

तात्या, म्हणजे माझे सासरे, पाट मागे सारून मूर्तीकडे बघत होते. त्या काळी पेणात डोळ्यांची आखणी करणारे पुष्कळ होते. पण तात्यांनी डोळे काढलेला गणपती घरात कुठेही ठेवा, तो आपल्याकडेच बघतो असं लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांत आमची गिऱ्हाइकं जास्त असायची ही गोष्ट वेगळी, पण मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. माळ्यावर मूर्तींची रांग होती आणि मी पदर सावरून उभी राहिले होते.

"ब्रश जरा मऊ पडलाय," तात्या म्हणाले.

"हवाच तशी आहे," रमाकांत साच्यातून मान वर न करता म्हणाले.

"हो. हवाच."

त्यांनी ओल्या बोळ्याने डोळा पुसला, ब्रशचं टोक ओठांत धरून फिरवलं आणि पुन्हा मूर्तीसमोर हात उचलला. हात हलत होता. वाऱ्यावर समईची वात हलते तेवढाच, पण डोळा काढायला तेवढं पुष्कळ झालं.

त्या ब्रशबद्दल सांगायला हवं. तो तात्यांनी स्वतः बांधलेला होता. खारीच्या शेपटीचे केस, पिसाची नळी आणि मागे बांबूची बारीक काडी. एवढासा जीव, पण त्याचा थाट जावयासारखा. रोज संध्याकाळी तात्या मागच्या पडवीत वाटीभर रिठ्याचं पाणी घेऊन बसायचे. पाणी गार हवं. ऊन पाण्याने केसांची बांधणी सुटते. डाव्या तळहातावर फेस करायचा आणि ब्रश त्यात हळूहळू गोल फिरवायचा, फेसात काळा रंग उतरायचा थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने धुवायचा, मनगटाला एक झटका द्यायचा, ओठांत धरून टोक आणायचं आणि आडवा निजवायचा. उभा ठेवायचा नाही. वाळला की लाकडी डबीत, खाली कडुलिंबाचा पाला, वर कापूर, म्हणजे कसर, तो कापड-केस कुरतडणारा किडा, केसांना लागत नाही. एकदा एक कारागीर ब्रश डोक्यावर उभा पाण्यात विसरला, तर तात्यांनी त्याला भर हंगामात घरी पाठवलं. "ज्याला ब्रश निजवता येत नाही," ते म्हणाले, "त्याने देवाच्या तोंडाला हात लावू नये."

आणि आमच्या घराचा एक नियम होता. आखणीचा ब्रश ज्याचा त्याने धुवायचा, आणि दुसऱ्याच्या ब्रशने आखणी करायची नाही. बायकोनेसुद्धा त्या ब्रशला हात लावायचा नाही. माझ्या सासूबाई, माई, यावरून नेहमी चेष्टा करायच्या. "मला लग्नातच सांगितलं होतं, घरात सवत आहे म्हणून. खारीच्या शेपटीची." तात्या त्यावर हसायचे नाहीत, पण मिशी हलायची.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तात्या माडीवर आडवे झाले आणि रमाकांत स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"माई, शुक्रवारी ठाण्याच्या मंडळाची माणसं येतायत. मोठ्या मूर्तीची आखणी डोळ्यांसमोर व्हायला हवी म्हणतात. नारळ फोडणार, फोटो काढणार. त्यांच्यासमोर डोळा खाली गेला तर?"

माई ताक घुसळत होत्या. रवी थांबली नाही.

"मी सांगतो तात्यांना," रमाकांत म्हणाले. "नीट सांगतो. वय झालंय, यात लाज कसली?"

"तू नाही सांगायचंस."

"मग ती मंडळाची पोरं सांगतील. काका, बाप्पा तिरळा झाला, असं चारचौघांत म्हणतील. ते बरं?"

रवी थांबली. "तुझ्या आजोबांचं तुला ठाऊक आहे ना?"

रमाकांतना ठाऊक होतं, मला नव्हतं. माईंनी ते त्या दिवशी मला सांगितलं, आणि सांगताना सारख्या जिन्याकडे बघत होत्या. तात्यांच्या वडिलांचाही हात असाच हलायला लागला होता. तात्या तेव्हा तिशीचे, स्वभाव तापट. एका सकाळी भरल्या चित्रशाळेत ते वडिलांना म्हणाले, "दादा, हात हलतोय. उठा आता." दादा उठले. ब्रश धुतला, निजवला, आत येऊन नव्या सुनेला, म्हणजे माईंना, म्हणाले की आज भूक नाही. गौरी-गणपती झाले, विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी ते खाडीत सापडले.

"मी ताट झाकून ठेवलं होतं," माई म्हणाल्या. "उशिरा का होईना, येतील म्हणून. हे तेव्हापासून खाडीच्या रस्त्याने जात नाहीत, बघितलंस कधी? पुलाला वळसा घालून जातात. त्यांना जर कोणी तेच वाक्य ऐकवलं, तर ते कुठे जातील हे मला विचारायला नको."

रमाकांत साच्यांकडे परत गेले.

गुरुवारी रात्री मी वाळत घातलेली फडकी काढायला पडवीकडे गेले. तात्या माडीवर घोरत होते. पडवीत दिव्यापाशी माई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर ती लाकडी डबी उघडी होती. त्यांनी ब्रश दोन बोटांत असा धरला होता, जसं तान्ह्या बाळाचं बोट धरून नख काढतात. दुसऱ्या हातात शिवणाची लहान कात्री होती.

मी हाक मारली असती तर कदाचित थांबल्या असत्या. पण त्या रडत होत्या, आणि रडणाऱ्या सासूला हाक कशी मारायची ते मला कळेना. कात्रीचा आवाजसुद्धा झाला नाही. फिकट लुगड्यावर काळसर भुगा पडला, तो त्यांनी फुंकरीने उडवला. मग त्यांनी डबीतला कापूर चिमटीत घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

वळल्या तेव्हा मी दिसले.

"कसर लागली," माई म्हणाल्या. "काय? पावसात कसर लागली. दुसऱ्याच्या ब्रशने ते काढणार नाहीत, नवा बांधून हाताखाली यायला हंगाम जाईल. तोवर त्यांचं मन आपोआप वळेल. हाताला कोणी काही म्हणायला नको."

"हो, माई."

"देवाशप्पथ?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. घरातल्या सगळ्यांनाच हवं होतं ते कोणीतरी केलं होतं.

शुक्रवारी सकाळी मंडळाची माणसं आली. मोठी मूर्ती मधोमध, डोक्यावर मुकुट, अंगावर सोनं, आणि डोळ्यांच्या जागी कोरे पांढरे खड्डे. आखणीआधीची मूर्ती मला कधी बघवली नाही. कोणी नारळ आणला, कोणी कॅमेरा सरसावला. तात्या अंघोळ करून धुवट सदऱ्यात आले. पाटावर बसले. काळा रंग खलला. डबी उघडली.

डबीत कापूर नव्हता, तिथे त्यांची नजर जराशी थांबली. मग त्यांनी ब्रश उचलला, पाण्यात बुडवला आणि ओठांत धरला.

मी माईंकडे बघत होते. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ नकळत तसेच मिटले होते.

तात्यांनी ब्रश ओठांत नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग काढून उजेडात धरला. त्याला टोक नव्हतं. वापरून थकलेल्या कुंच्यासारखा तो पसरला होता.

"काय झालं, काका?" मंडळातल्या एकाने विचारलं.

"कसर लागली," तात्या म्हणाले.

तो शब्द माईंनी उच्चारायचा होता, तसं ठरलं होतं. तो तात्यांनीच उच्चारला.

"चुकलं माझं," ते पुढे म्हणाले, आणि हे त्यांनी कारागिरांकडे वळून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "कापूर घालायचा राहिला. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवतो आणि मीच विसरलो. वय झालं." कारागीर खाली बघू लागले. ज्याने एका विसरलेल्या ब्रशपायी माणूस घरी पाठवला होता, तो माणूस सगळ्यांसमोर आपण विसरलो म्हणून सांगत होता.

"मग आता?"

"आता सूनबाई काढेल. काठ मारते ती, सरळ मारते. तिचा ब्रश जिवंत आहे."

तात्या पाटावरून उठले होते आणि पाट रिकामा होता. मी बसले. ते माझ्या मागे उभे राहिले. "श्वास सोडताना ओढ. वरची पापणी आधी," एवढंच म्हणाले. डोळे आले. चांगले आले. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि त्या फोटोंत तात्या कुठेच नाहीत, कारण तोवर ते पडवीत जाऊन रिठ्याचं पाणी मागत होते.

त्यांनी तो मेलेला ब्रश नेहमीसारखा धुतला. तळहातावर फेस, गोल गोल, मग साधं पाणी, मग झटका, मग आडवा. फक्त ओठांत धरला नाही.

हंगाम पार पडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माई पहाटेपासून दारातच बसून होत्या. तात्या उठले, चहा प्यायले, वर्तमानपत्र मागितलं. माईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर त्या कोणालाही सांगायच्या, शेजारणीला, माहेरच्यांना, बांगडीवालीलासुद्धा: "आमचे हे ब्रश गेला म्हणून उठले हो. हात शेवटपर्यंत लोखंडासारखा." त्यांचं बोलणं ऐकत तात्या बाजूला बसलेले असायचे आणि मान डोलवायचे.

घरात सगळं सुरळीत आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मला दिसत होतं ते वेगळं होतं. तात्या चित्रशाळेत यायचे, पण भिंतीकडच्या कोपऱ्यात रंग खलत बसायचे, मूर्तींकडे पाठ करून. पूर्वी गिऱ्हाईक मूर्ती उचलायचं तेव्हा ते प्रत्येकीच्या डोळ्यांत एकदा बघायचे. आता टेम्पो लागला की ते परसात निघून जायचे. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. जेवायला बसायचे, अर्धी भाकरी मोडून ठेवायचे आणि उठायचे. आणि रोज संध्याकाळी पडवीत त्या ब्रशचं न्हाणं चालूच. माई दारातून बघायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, "बघ, मन रमलंय त्यांचं."

पुढच्या वर्षी पाटावर मीच बसत होते. तात्यांनी मला ब्रश बांधून दिला होता. एका दुपारी माई देवळात गेल्या होत्या आणि कारागीर जेवायला. माझ्या ब्रशातला एक केस बाजूला निघून सारखी दुसरी रेघ मारत होता. मी कात्री घेतली आणि टोक जरासं सारखं केलं.

"हे काय केलंस?" कोपऱ्यातून तात्या ओरडले. वर्षभरात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "ब्रशला कात्री? चुकार केस नखात धरून मुळातून उपटायचा असतो! केसाचं टोक देवाने दिलेलं असतं, कापलं की गेलं. ओठाला लाव. लाव म्हणतो ना!"

मी ब्रश ओठांत धरला. इतके दिवस धरत होते, तेव्हा तो ओल्या रेशमासारखा लागायचा. आता ओठावर खरखर आली, दाढीचे खुंट लागावेत तशी.

"लागलं ना? कसरीने खाल्लेला केस असा लागत नाही. तो कुजका लागतो, बोळ्यासारखा. कापलेला केस टोचतो. डोळ्यांना न कळो, ओठाला कळतं."

हे बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं, आणि मलाही. माझा ब्रश तसाच तोंडाशी राहिला.

"म्हणजे तात्या, त्या दिवशी..."

"लावल्याबरोबर."

"कोणी केलं तेही?"

"घरात शिवणाची कात्री एकच आहे, सूनबाई. आणि तिच्या पदराला कापराचा वास येत होता."

ते खल पुसत बसले. स्वच्छ खल पुन्हा पुन्हा पुसत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी माझ्या बापाला एका वाक्यात उठवलं. ते वाक्य मला कधीतरी ऐकावं लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. हात हलतो हे मला कळत नव्हतं होय? मी वाट बघत होतो गं. तिने म्हणावं. दुसऱ्या कोणी नाही, तिने. पडवीत येऊन बसावं आणि म्हणावं, पुरे झालं आता. मी त्याच क्षणी ब्रश खाली ठेवला असता." "तिला माझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. तिने माझ्या ब्रशला मारलं आणि मला वाचवलं. मी तिला इतका परका झालो होतो."

मला रडू आलं. मी म्हटलं, "तात्या, मी माईंना सांगते. तुम्ही दोघं बोला."

"नाही. तिला वाटतंय तिने मला खाडीपासून परत आणलं. वाटू दे. तिच्याकडे तेवढंच आहे."

"आणि खरं नाही का ते?"

खल पालथा घालून ते म्हणाले, "तो ब्रश मी कशाला धुतो? ती दारातून बघत असते म्हणून."

तात्या त्याच मार्गशीर्षात गेले. खाडीत नाही, आपल्या अंथरुणात, साध्या तापाने. डॉक्टर म्हणाले, जगायची इच्छाच दिसत नव्हती. माईंनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. भेटायला येणाऱ्यांना त्या सांगत राहिल्या, "समाधानाने गेले. हाताला कोणी बोट लावलं नाही."

वर्षामागून वर्षं गेली, मी रमाकांतनासुद्धा काही सांगितलं नाही. डबी देवघराच्या फडताळात होती. तिच्यात पाला आणि कापूर मी बदलत असे.

माई खूप जगल्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या, डोळ्यांना नीट दिसेनासं झालं, पण डोकं शाबूत होतं. एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाल्या, "शालन, यांची डबी आण गो."

मी आणून दिली. त्यांनी ब्रश चाचपून बाहेर काढला, काडीवरून अंगठा फिरवला. तात्यांच्या बोटांनी तिथे काडी गुळगुळीत झाली होती.

"जन्मभर हा त्यांच्या ओठांत बघितला," माई म्हणाल्या. "आता मला कोण अडवतंय?" आणि त्या हसल्या. नव्वदीला टेकलेली बाई, पण लाजल्यासारख्या हसल्या.

"माई, नको. तोंडात घालू नका. जुना रंग असेल आत."

"रोज धुवायचे ते. रंग कुठला?"

मी हात पुढे केला, पण जबरदस्तीने हिसकावून काय सांगणार होते? त्यांनी ब्रश पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि ओठांत धरला, अगदी तात्यांसारखा, मान किंचित तिरकी करून.

हसू हळूहळू मावळलं. त्यांनी ब्रश काढला, ओठावरून बोट फिरवलं आणि पुन्हा लावून बघितला.

"टोचतं गो," माई म्हणाल्या.

मी फणी खाली ठेवली.

"त्यांनी तर त्या दिवशी किती वेळ धरला होता." त्यांचे अधू डोळे माझा चेहरा शोधत होते. "त्यांना कळलं नसेल ना? शालन?"

नाही, हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो या घरात फार वेळा बोलून झाला होता.

"कळलं होतं, माई. लावल्याबरोबर."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला वाटलं झोपल्या. मग उठवून बसव म्हणाल्या, आणि वाटीत रिठ्याचं पाणी मागितलं.

"मी धुते, माई."

"नको. मीच."

त्यांनी डाव्या तळहातावर फेस केला. सुरकुतलेल्या हातात ब्रश गोल गोल फिरवत राहिल्या. फेस पांढराच होता, काळं काही उतरत नव्हतं, तरी थांबल्या नाहीत. मग साध्या पाण्यातून काढला, मनगटाला झटका दिला, दोन बोटांनी केस निथळले आणि ब्रश माझ्यासमोर धरला.

"मला दिसत नाही," माई म्हणाल्या. "टोक आलं का?"

"नाही, माई. नाही आलं."

त्यांनी मान हलवली, आणि तळहात पुन्हा माझ्यापुढे केला, पाणी घालायला.